चांदूरची आठवी आणि जगाचं गणित

अमरावतीला गणिताच्या शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. जेवणानंतरचा तास. पंखे फिरत होते, वारा काही लागत नव्हता, आणि आम्ही बहुतेक जण पेंगत होतो. तेवढ्यात शिकवायला आलेल्या संशोधक बाईंनी पडद्यावर एक प्रश्न टाकला आणि म्हणाल्या, "हा प्रश्न एका आंतरराष्ट्रीय चाचणीत जपानच्या, हंगेरीच्या, इराणच्या आठवीच्या मुलांनी सोडवलाय. प्रश्न एकच, भाषा ज्याची त्याची."

माझी झोप पार उडाली. मी उभीच राहिले. "आणि आपली मुलं?"

"आपला देश या चाचणीत नाही. त्यामुळे ते कुणालाच माहीत नाही."

मी तेव्हा चांदूर रेल्वेच्या एका शाळेत आठवीला गणित शिकवायचे. कापसानं सगळ्यांना रडवलं होतं अशी ती वर्षं. बाहेरची माणसं गाड्या भरून आमच्या भागात यायची, कॅमेरे यायचे, समित्या यायच्या, आणि सगळ्यांना एकाच गोष्टीची चौकशी करायची असायची. आमच्या पोरांना आलेख वाचता येतो का, हे विचारायला कधी कुणी आलं नव्हतं. आणि आता हे: कुणालाच माहीत नाही! मला ते एखादं बक्षीस जाहीर व्हावं तसं वाटलं.

माझ्या शेजारी अकोल्याच्या उर्दू शाळेतल्या गणिताच्या बाई बसल्या होत्या. सकाळपासून मी त्यांना आपा म्हणायला लागले होते. त्यांनी मला कोपरानं ढोसलं. "चलो, मांग लेते हैं!"

चहाच्या सुट्टीत आम्ही दोघींनी संशोधक बाईंना गाठलं. त्यांनी जुने, सगळ्यांसाठी खुले केलेले प्रश्न झेरॉक्स करून दिले आणि वर बजावलं, "दोन वर्गांवरून देशाचा नंबर काढायचा नाही हं. मुलं विचार कसा करतात तेवढं पाहा, आणि मला कळवा."

बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहतच आमचं भाषांतर सुरू झालं. मी मराठीत, आपा उर्दूत. एका प्रश्नात पिझ्झा होता. मी म्हटलं, भाकर करून टाकू. आपा अडून बसल्या. "सवाल आसान कर दिया, तो फिर मुकाबला कैसा?" शेवटी आम्ही केक ठेवला. केक दोन्हीकडच्या पोरांनी निदान बेकरीच्या काचेतून पाहिला होता.

वर्गात मी सांगितलं, "हे प्रश्न जपानच्या मुलांनी सोडवलेत."

मग मागच्या बाकावरून एक जण ओरडला, "मॅडम, ते पोट्टेबी आठवीतच हायेत का?"

"आठवीतच."

"मंग द्या ना लवकर!"

परीक्षेला एवढ्या हौसेनं बसलेला वर्ग मी त्याआधी पाहिला नव्हता. वेचणीच्या दिवसांत गैरहजर राहणाऱ्या मुलीसुद्धा त्या दिवशी आल्या होत्या. बातमी आदल्या दिवशीच फुटली होती. गुणाकार, भागाकार, शेकडेवारी पोरांनी झपाट्यानं उडवली. एका प्रश्नात असं होतं: एक मुलगा म्हणतो, गुणाकार केला की संख्या नेहमी मोठी होते. त्याचं बरोबर आहे का? का ते लिहा. इथं वर्ग अडला. 'का ते लिहा' हे आम्ही त्यांना कधी विचारलंच नव्हतं. बऱ्याच जणांनी जागा कोरी सोडली. पण एका मुलीनं लिहिलं होतं, 'अर्ध्या भाकरीची अर्धी केली तर पाव होते, मग मोठी कुठं झाली?' तो पेपर हातात घेऊन मी शिक्षकांच्या खोलीत धावत गेले आणि चहा पिणाऱ्या मुख्याध्यापकांना तो वाचून दाखवला.

मग आला आलेखाचा प्रश्न. एका बसचा प्रवास, खाली वेळ, उभ्या बाजूला निघाल्यापासूनचं अंतर. रेघ वर चढते, मध्ये सपाट होते, पुन्हा चढते. सपाट भागात बसचं काय झालं? जवळजवळ सगळ्या वर्गानं लिहिलं: बस सपाट रस्त्यानं चालली.

मी आपांना फोन लावला. "तुमच्याकडे?"

"अरे बाप रे, इधर भी वही! पहाड़ चढ़ी, फिर सीधी सड़क, फिर पहाड़!" आपा हसत होत्या, पण हिरमुसल्या होत्या. मीही.

मी संशोधक बाईंना कळवलं. त्यांचा फोन आला तो आनंदानं भरलेला. "अहो, ही चूक तर किती देशांतली मुलं करतात! आलेख हे त्यांना चित्र वाटतं. तुमची मुलं कुठं मागं पडली नाहीत, ती त्यांच्यासारखीच अडलीत."

हे वर्गात सांगितलं तेव्हा गलका झाला. परदेशातलं पोट्टंही सपाट रस्ताच म्हणतं, याचा आमच्या वर्गाला केवढा आनंद! एक मुलगी मात्र त्या गलक्यात नव्हती. तीच, भाकरीवाली. ती म्हणाली, "पन मॅडम, मंग बस कुठं गेली होती?"

यावर मला सुचलं ते मी मुख्याध्यापकांकडे मांडलं: वर्गाला पॅसेंजरनं अकोल्याला न्यायचं, आपांच्या शाळेत. वाटेत गाडीचा आलेख काढायचा. ते म्हणाले, "न्या. पन दरवाज्यात कोनी उभं राह्यलं तर मले सांगू नका, तुमीच पाहा."

डब्यात पोरं गुडघ्यांवर आलेखाचे कागद घेऊन बसली. एक जण घड्याळ पाहायचा, दुसरा रुळाकडेचे किलोमीटरचे दगड वाचायचा, बाकीचे चांदूरपासूनचं अंतर काढून ठिपके द्यायचे. रेघ चढत होती. बडनेऱ्याच्या अलीकडे सिग्नल मिळेना आणि गाडी थांबली. ठिपके द्यायचे चालूच होते. वेळ पुढं सरकत होती, दगड तोच. एकाएकी खिडकीजवळची भाकरीवाली पोरगी किंचाळली, "सपाट झाली! मॅडम, सपाट झाली! बस उभी होती!"

मग सगळा डबा ओरडायला लागला. समोर बसलेल्या एका आजोबांनी घाबरून पिशवी छातीशी धरली. "काहून वरडून राहिले बापा? काय झालं?" चौघांनी एकदमच त्यांना आलेख समजवायला घेतला. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

अकोल्यात आपांच्या वर्गातल्या मुली फळ्याभोवती वाटच पाहत होत्या. त्यांची अक्षरं उजवीकडून निघायची आणि गणित मात्र आमच्यासारखं डावीकडून. आमची पोरं ते बघून थक्क. अर्ध्या तासात कोण कुठल्या शाळेचं ते कळेनासं झालं. एकीनं उर्दूत समजावलं, दुसऱ्यानं वऱ्हाडीत भांडण काढलं, आणि खडू या हातातून त्या हातात फिरत राहिला. आपांनी नवा आलेख काढला, हौदातल्या पाण्याचा. सपाट रेघ आली तसे दोन्ही वर्ग एकदम म्हणाले, "नळ बंद!"

आपांनी माझा हात घट्ट दाबला.

परतीच्या गाडीत पोरं दमतील असं मला वाटलं होतं. पण भाकरीवालीनं सकाळचाच कागद पुन्हा काढला आणि विचारलं, "मॅडम, आता चांदूर जवळ येऊन राह्यलं. मंग रेघ वर जाईन का खाली?"

मी डब्याकडे हात केला. निम्मे 'वर' म्हणाले, निम्मे 'खाली', आणि भांडण जे पेटलं ते थेट आमचं स्टेशन येईपर्यंत.