हलवून घेतली का?

आमच्या घरात कुठलीही बाटली न हलवता उघडायची नाही. तेलाची, औषधाची, अगदी पाण्याचीसुद्धा. ही बाबांची सवय. "पाण्यात काय डोंबल तळाशी बसतंय?" म्हणून मी लहानपणापासून भांडत आले. पण ते आपले हलवून घेणार, दहा वेळा, मनगटातून, फेस न आणता.

बाबा एकतीस वर्षं प्रयोगशाळेतले ससे सांभाळतात. तिथे सगळे त्यांना ससेमामा म्हणतात. घरी आम्ही म्हणतो, सशांनी यांच्यामागे ससेमिरा लावलाय. सशांना दोनदा सुई टोचायची, काही आठवड्यांनी कानातून थोडं रक्त काढायचं. त्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं रोग ओळखायच्या तपासण्यांना लागतात. टोचायचा पदार्थ इतका बारीक असतो की सशाचं शरीर त्याची दखलच घेत नाही, म्हणून तो सूक्ष्म मण्यांवर चिकटवतात. "एकटा माणूस दारात आला तर कोण विचारतंय?" बाबा सांगतात. "घोळका आला की घर जागं होतं." फक्त हे मणी जड. कुपी जरा ठेवली की ते तळाशी बसतात आणि वर उरतं नुसतं पाणी.

गेल्या वर्षी आईची उजवी बाजू गेली. तेव्हापासून सकाळी तिला उठवायचं, पुसायचं, औषध पाजायचं, हे सगळं करून बाबा कामावर जातात. मला म्हणतात, "तू झोप." मी झोपते आणि मला त्याची लाज वाटते. पण मीही दिवसभर दुकानात उभी असते. घरात सगळेच दमलेले असले की कुणी कुणाची चौकशी करत नाही.

एका संध्याकाळी बाबा आले आणि चपला न काढताच खुर्चीत बसले.

"ठमाबाईला काढणार, शुक्रवारी."

काढणार म्हणजे मारणार. त्यांच्याकडे तो शब्द कुणी उच्चारत नाही. ठमाबाई ही पहिल्या पिंजऱ्यातली सशीण, एक कान पडलेली. बाकी अकरा सशांच्या रक्ताचा थेंब मण्यांत मिसळला, तर दूध फाटल्यासारख्या गुठळ्या झाल्या. हिच्या थेंबाने काहीच झालं नाही, म्हणजे हिच्या रक्तात प्रतिपिंडं नाहीत, ही कामाची नाही.

"मग त्यात तुमचा काय दोष?" मी विचारलं.

"मी हलवली नव्हती."

दुसऱ्या डोसच्या सकाळी ते आईची बाटली हलवून, तिला औषध पाजून धावतपळत गेले होते. कुपी हातात घेतली आणि हाताला वाटलं, हलवून झालं की मघाशी. ठमाबाईला नुसतं पाणी टोचलं गेलं. दुसऱ्या पिंजऱ्यापाशी कुपी उजेडात धरली, तेव्हा तळाचा पांढरा थर दिसला. मग हलवली आणि मूग गिळून गप्प बसले. एकतीस वर्षांत एक चूक नव्हती ना!

"सांगू नका," मी म्हणाले. "एका सशापायी नाव घालवाल." होय, मी हेच म्हणाले.

पलंगावरून थापटल्याचा आवाज आला. आईला एकेक शब्द काढायला वेळ लागतो. आम्ही थांबलो.

"सां-गा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बाबांनी मला दोनदा सांगितलं. शुक्रवार टळला. ठमाबाईला डोस पुन्हा मिळाला, पण दुसऱ्या माणसाच्या हातून. बाबांच्या हातात पिंजरे धुवायचा ब्रश आला. तीन आठवडे ते घासत होते आणि रात्री खांदा दुखतो म्हणून कूस बदलत होते.

काल ते हसत घरी आले. किती दिवसांनी!

"गुठळ्या झाल्या. ठमाबाई सगळ्यांच्या पुढे!"

"आणि तुमचं काय?"

"डॉक्टरबाई म्हणाल्या, सोमवारपासून सुई तुम्हीच घ्या."

"मग?"

"नको म्हटलं." त्यांनी चपला काढल्या, नीट जागेवर ठेवल्या. "हात खोटं बोलायला लागलाय माझा. झाल्याशिवायच झालं म्हणतो."

ते आईच्या उशाशी गेले, औषधाची बाटली उचलली आणि माझ्यासमोर धरली.

"आजपासून ही पण तूच हलव."

मी हलवली. दहा वेळा, मोजून, फेस न आणता. ते माझ्या मनगटाकडे बघत होते.