गोळ्यांची सुट्टी

आमच्या घरात कुणाची पाळी आली हे लपत नाही. घर विणकरांचं, वडगावातलं. खाली विजेवर चालणारे दोन माग, वर आम्ही तिघं: मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्ती म्हणते. पाळीच्या दिवसांत बाईनं मागाला शिवायचं नाही, कांड्या भरायच्या नाहीत, विणून उतरलेल्या साडीला हात लावायचा नाही. माग म्हणजे देवी, असं आत्ती सांगतात. रोज शाळेत शिकवायला जायच्या आधी मी खाली बसून कांड्या भरते, म्हणजे आडव्या धाग्याच्या छोट्या नळ्या मशीनवर गुंडाळते. ज्या दिवशी त्या मशीनवर आत्ती बसलेल्या दिसतात, त्या दिवशी गल्लीतल्या बायकांना कळतं की हिला कावळा शिवला. आणि ज्या महिन्यात मी एकही खाडा न करता कांड्या भरत राहते, त्या महिन्यातही त्यांना काहीतरी कळलेलं असतं.

मला पीसीओएस आहे. अंडाशयात अंडी तयार व्हायला लागतात, पण पिकत नाहीत, अर्ध्यावर थांबतात. त्यामुळे पाळी दोन दोन महिने, कधी त्याहून जास्त, येतच नाही. लग्नानंतर पहिल्यांदा असं झालं तेव्हा आत्तींनी न बोलता माझ्या भातावर तुपाची धार वाढवली. मी खात राहिले. मग एके दिवशी पाळी आली आणि तूप पुन्हा जेवढ्यास तेवढं झालं. पुढे हे इतक्यांदा झालं की ताटातल्या तुपावरून मी घरातल्या आशेचा अंदाज घ्यायला शिकले. माझ्या शरीरात काहीच घडत नसायचं, नेमकं तेव्हाच घराला वाटायचं की काहीतरी घडतंय.

शेवटी मीच नवऱ्याला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई भल्या, पण घाईत असायच्या. त्यांनी सांगितलेला क्रम आता मला पाढ्यांसारखा पाठ आहे. आधी पाळी आणायच्या गोळ्या. पाळी आली की दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस अंडं पिकवायच्या गोळ्या. मग सोनोग्राफी, मग अंडं फुटायचं इंजेक्शन, मग नवरा-बायकोनं एकत्र यायचे दिवस, मग गर्भ टिकावा म्हणून आणखी गोळ्या, मग रक्ताची तपासणी. तपासणीत काही निघालं नाही की पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्यांदा चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेले, तेव्हा दुकानदारानं गोळीचं नाव वाचलं आणि आवाज खाली आणून कानडीत विचारलं, "यारिगे री?" कुणासाठी म्हणून विचारत होता, ते कळलं, का विचारत होता ते कळलं नाही. माझ्यासाठीच, म्हटल्यावर त्यानं इतक्या मायेनं पाहिलं की मला घाबरायला झालं. घरी येऊन डब्यातला कागद वाचला तेव्हा उलगडलं. ती गोळी मुळात स्तनाच्या कर्करोगाची. अंडं पिकवायलाही तीच देतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळीकडे देतात, काळजी करू नका. काळजी नाही केली. पण पुढच्या खेपेपासून दुकान बदललं, कारण तो माणूस मला सुट्टे पैसेसुद्धा सहानुभूतीनं द्यायला लागला होता.

त्या पाच दिवसांत मी माझी नसते. वर्गात फळ्यावर अपूर्णांक लिहिता लिहिता मानेपासून वर गरम वाफ चढते, पदरानं घाम पुसावा लागतो, आणि मुलांना वाटतं बाई रडतायत. डोकं दुखतं. गुडघे कुरकुरतात. कशाचाही राग येतो. एकदा कुकरची शिट्टी वेळेवर झाली नाही म्हणून मी कुकरला बोलले. मग पोट फुगतं, साडी कमरेला काचते. शिक्षकांच्या खोलीत कुणी ना कुणी सांगतंच, टेन्शन घेऊ नका, टेन्शन सोडलं की होतं. माझी आई निपाणीहून फोन करून सांगते की कोल्हापूरला दाखवू. कोगनोळीचा सीमेवरचा नाका ओलांडला की पलीकडचे डॉक्टर आपोआप हुशार होतात, असा आमच्या निपाणीकरांचा जुना समज आहे. मी हो म्हणते आणि फोन ठेवते.

एकत्र यायच्या दिवसांबद्दल काय लिहावं. नवरा उद्यमबागेत फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात आहे. घरच्या मागावर तो बसला नाही, पण लोखंडाच्या भट्टीपुढे उभा राहतो. तो घरी यायचा तेव्हा केसांत साच्यांची काळी वाळू असायची आणि डोळे मिटत आलेले असायचे. मी सांगायचे, डॉक्टरीणबाईंनी आजचा दिवस सांगितलाय. तो म्हणायचा, बरं. परीक्षेत सुपरव्हिजनची ड्युटी लागल्यावर आम्ही शिक्षक जसं बरं म्हणतो, तसं. एका खेपेला तर त्याच दिवशी त्याचे मामा-मामी जत्रेला आले आणि वरच्याच खोलीत झोपले. त्या महिन्याची सगळी औषधं, इंजेक्शन, सोनोग्राफी मामांच्या घोरण्यात गेली. आम्ही दोघं दुसऱ्या दिवशी त्यावर खूप हसलो. ते हसणं मला अजून आठवतं, कारण त्यानंतर आम्ही या विषयावर हसलो नाही.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सोनोग्राफीत उजवीकडचं अंडं चांगलं मोठं दिसलं. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा पडद्याकडून माझ्याकडे वळून हसल्या. इंजेक्शन झालं, एकत्र यायचे दिवस झाले, गर्भ टिकवायच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्या मोठ्या लबाड. छाती दुखते, मळमळतं, दुपारी डोळे मिटतात, आणि त्या चालू असेपर्यंत पाळी येत नाही. थोडक्यात, पोटात काही असो की नसो, बाई पोटुशी दिसते. मला हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, नवऱ्याला मी सांगितलं होतं. आत्तींना कुणीच नाही. त्यांना एवढंच ठाऊक होतं की मी ताकदीच्या गोळ्या घेते.

एका सकाळी कांड्या भरताना खळीचा वास नाकात गेला. खळ म्हणजे धाग्याला लावायची कांजी, आमच्या घराला जन्मभर तोच वास आहे. मला उमळून आलं आणि मी मोरीकडे धावले. परत आले तर आत्ती माझ्या जागी बसून कांड्या भरत होत्या. त्यांनी फक्त हातानं खूण केली, वर जा म्हणून. दुपारी शाळेतून आले तेव्हा जेवणात तूप होतं. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मलाही वाटत होतं की या वेळी असेल. अंडं मोठं होतं, बाई हसल्या होत्या. मी तूप खाल्लं.

आमच्या घरात पिढ्यांपासून चालत आलेली एक रीत आहे. सुनेला दिवस गेले की तिच्या ओटभरणाची हिरवी साडी विकत आणायची नाही. घरच्या मागावर सासूनं स्वतः विणायची. आत्ती नेहमी सांगायच्या की त्यांच्या सासूनं त्यांच्यासाठी विणली होती. पण साडी काही एकटी विणली जात नाही. मागावर आधी ताणा चढवावा लागतो, म्हणजे उभ्या धाग्यांचा मोठा रूळ. एक ताणा चढवला की त्यातून कितीतरी साड्या निघतात. तो संपेपर्यंत दुसरा रंग लागत नाही. सांधणारा माणूस येतो, जुन्या ताण्याचा एकेक धागा नव्याशी गाठ मारून जोडतो, आणि मग मागे फिरता येत नाही. म्हणून ओटभरण जवळ आलं की मगच हिरवा ताणा चढवायचा, हे शहाणपण वडगावातल्या कुठल्याही सासूला असतं.

आत्तींना धीर धरवला नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात; इथे सासू उतावळी झाली होती. रक्ताची तपासणी अजून व्हायची होती. मी शाळेतून आले तर खालच्या एका मागावर हिरवागार ताणा, आणि सांधणारा चहा पीत बसलेला. आत्ती म्हणाल्या की व्यापाऱ्याला हिरव्या साड्या पाहिजेत. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. संध्याकाळी दळण घेऊन गेले तर गिरणीत गल्लीतल्या दोघींनी माझं दळण आधी घालायला लावलं आणि उभी राहू नको, बस म्हणाल्या.

रक्ताच्या तपासणीत काही नव्हतं. डॉक्टरीणबाई गोळ्या बंद करा म्हणाल्या, दोन-चार दिवसांत पाळी येईल. आली. नवरा कामावर होता. मी जिना उतरून खाली गेले. आत्ती हिरव्या ताण्याच्या मागावर उभ्या होत्या, पहिली साडी नुकती लागली होती. आवाजात ऐकू येणार नाही म्हणून मी जवळ गेले, पण मागापासून चार हात लांबच थांबले.

"आत्ती, मी बाजूला हाय."

त्यांनी माग बंद केला. एवढा आवाज एकदम थांबला की मला माझाच श्वास ऐकू आला. तुटलेला एक धागा त्यांनी जोडला, पुन्हा एकदा ओढून पाहिला.

"असूं दे गं," त्या म्हणाल्या. "व्यापाऱ्याला हिरव्याच पायजे हुत्या."

आणि त्यांनी माग सुरू केला. मला त्यांचा राग यायला हवा होता, आदल्या दिवसापर्यंत आलाही होता. त्या क्षणी फक्त वाईट वाटलं, त्यांचं माझ्यापेक्षा जास्त. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या घरात हिरव्या साड्याच उतरत राहिल्या. उतरलेल्या साडीची घडी घालणं माझं काम. बाजूला बसायचे दिवस संपले तशी मी घड्या घालायला लागले. एकीचीही घडी मोडून मी अंगाला लावून बघितली नाही. गल्लीत कुणी विचारलं की आत्ती व्यापाऱ्याचं नाव सांगायच्या. सगळ्यांना कळलं होतं आणि सगळ्यांनी व्यापाऱ्यावर विश्वास ठेवला, याबद्दल मी गल्लीची आभारी आहे.

पुढच्या खेपेचीही गोळी घेतली, त्याच्या पुढच्याही. मग एक दिवस सकाळी गोळीचं पाकीट हातात घेतलं आणि माझ्याच्यानं ती तोंडात घालवेना. मूल नको होतं असं नाही. मूल हवंच होतं, आजही हवं आहे, शेजारच्या घरातलं रांगायला लागलेलं बाळ बघितलं की माझे हात नुसते पुढे होतात. पण मी थकले होते. माझ्या अंगावर माझा म्हणून एकही दिवस उरला नव्हता; प्रत्येक दिवसाला काहीतरी नाव होतं, गोळीचा, सोनोग्राफीचा, इंजेक्शनचा, वाट बघायचा. मी नवऱ्याला म्हणाले, एक महिना मला सुट्टी द्या. त्याला ते आवडलं नाही. वय वाढतंय म्हणाला, स्वतःचं की माझं ते नाही सांगितलं. पण हो म्हणाला. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, घ्या की. आपली आपण पाळी आली तर उत्तमच, आणायच्या गोळ्या वाचतील, पुढचं लगेच सुरू करता येईल.

तो महिना फार चांगला गेला. शनिवारी शाळा सुटली की निपाणीला आईकडे जायचे आणि जेवून झोपायचे. आईलाही सांगून ठेवलं की कोल्हापूरचं नाव काढायचं नाही. नवऱ्यानं एका रविवारी कारण नसताना मला गाडीवरून फिरवून आणलं, भजी खायला घातली. आम्ही कुठला दिवस आहे ते मोजत नव्हतो. त्याच्या केसांतली वाळू मी कंगव्यानं काढली. लग्न झाल्यावर सुरुवातीला असायचो तसे आम्ही पुन्हा होतोय असं मला वाटलं आणि ते मी त्याला बोलूनही दाखवलं.

आणि मग एका सकाळी, कुठलीही गोळी न घेता, पाळी आली. आपली आपण. कॉलेजात होते तेव्हापासून असं वेळेवर, न बोलावता आल्याचं मला आठवत नव्हतं. मी मोरीत उभी राहून एकटीच हसले. बाईमाणसाला पाळी येण्याचा एवढा आनंद व्हावा हे कुणाला सांगून पटेल? पण मला झाला. माझं शरीर नुसतं बिघडलेलं नाही, त्याला अजून काहीतरी आपलं आपण जमतं, असं वाटलं. खाली जाऊन आत्तींना बाजूला हाय म्हणून सांगितलं, तेही हसत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि कांड्यांच्या मशीनवर जाऊन बसल्या. त्यांचा चेहरा पडला होता. ही चांगली बातमी आहे हे त्यांना कसं सांगायचं ते मला सुचेना.

म्हणून नवऱ्याला फोन केला. मागे भट्टीचा आवाज होता. तो बाहेर आला, बोल म्हणाला. मी सांगितलं, गोळीबिळी न घेता आली, वेळेवर आली. त्याला आनंद झाला होता, खरंच झाला होता. आवाजावरून मला तो कळतो.

"लई भारी गं," तो म्हणाला. आणि मग म्हणाला, "म्हंजे गोळ्या उद्यापास्नं चालू करायच्या न्हवं?"

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. अजून एक महिना मागायचा होता. एवढं तरी म्हणायचं होतं की आजचा एक दिवस राहू दे. पण तो विचारायच्या आधीच माझ्या मनात पाळीचा दुसरा दिवस कुठला ते ठरलेलं होतं. पाकीट कपाटात कुठे आहे तेही आठवलं होतं.

"व्हय," मी म्हणाले, "उद्यापास्नं."