दोन चिंचोक्यांची झोप

सुलक्षणा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बाहेरगावचे ट्रंक कॉल जोडायची. आठवडाभर कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, आणि "लावते, थांबा" हे दोन शब्द दिवसातून इतक्यांदा, की मुलुंडच्या त्या दीड खोलीत भावाने हाक मारली तरी तोंडातून तेच निघायचं. रविवार खरा पाठ टेकायचा. पण रविवारी दुपारी तिला राक्षस व्हावं लागे.

त्याचं असं झालं. आगबोटीवरच्या मावसभावाने पंच्याऐंशी साली परदेशातून एक खेळ आणून दिला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, मारामारी आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. नियमांचं पुस्तक इंग्रजीत, म्हणून बी.ए. झालेल्या सुलक्षणाच्या गळ्यात गोष्ट सांगणं आणि सगळे राक्षस पडले. शेजारची प्रेमा, साड्यांना फॉल लावणारी, तलवारवाली झाली. मोठा भाऊ नंदू झाला मांत्रिक.

नंदूची गिरणी संपात बंद पडली, पुन्हा उघडली तेव्हा त्याला आत घेतलं नाही. तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. रविवारी मात्र उठून बसायचा, हात वर करून आगीचा लोळ फेकायचा आणि समोरची फौजच्या फौज राख. तेवढ्यापुरता त्याचा चेहरा पगाराच्या दिवसासारखा व्हायचा.

मंत्राला किंमत होती. मांत्रिकाच्या वाटीत बारा चिंचोके, एका लोळाला चार. गोष्टीत एक झोप काढली की वाटी परत शिगोशीग.

"मी येते कशाला गं?" प्रेमा एकदा वैतागलीच. "ह्याने जाळायचं आणि मी राख झाडायची? ते काय, घरी करतेच की. असंच चाललं तर मला धरू नका."

प्रेमा गेली की खेळ मोडला, आणि खेळ मोडला की नंदू पुन्हा भिंतीकडे वळला. सुलक्षणाने लोळाची किंमत दुप्पट केली. आठ चिंचोके. नंदूने एक लोळ फेकला, दुसऱ्याला न पुरणारे चार चिंचोके दाखवले आणि म्हणाला, "चला, झोपूया आता."

"आत्ताच तर उठलोय रे!" प्रेमा ओरडली. "मांत्रिक आहेस की बाळंतीण?"

"नियमात बसतंय ना? मग?"

बसत होतं. तेच तर दुखणं होतं. लोळ कमजोर करावा, तर नंदूच्या हातात उरलं काय?

आठवडाभर बोर्डासमोर बसून सुलक्षणाचं डोकं त्याच वाटीत. एक शेठ रोज सकाळी फोन करी, "बाई, लाइटनिंग लावा." साध्या कॉलच्या आठपट दर, लगेच लाइन. बाजारभाव विचारायचा, ठेवून द्यायचा. कांजूरमार्गहून एकाने कणकवलीला कॉल मागितला. बाप आजारी होता. लाइटनिंगचा दर ऐकून तो म्हणाला, "साधोच लावा, बाय. थांबतंय मी." दर दोघांना एकच. पण शेठच्या खिशात दुसऱ्या दिवशी तेवढे परत येणार होते.

रविवारी तिने नवा नियम सांगितला. लोळ पूर्वीसारखाच, किंमत पूर्वीचीच, चार. मात्र एका झोपेला दोनच चिंचोके परत.

नंदूचे कान लाल झाले. "तूही कापायला लागलीस, सुले? एका झोपेने दोनच? कुणाचं होतं असं?"

"माझं," सुलक्षणा म्हणाली.

ती भांडायच्या सुरात बोलली नव्हती. प्रेमाने उगाच फासा पुसला.

पुलावर सात राक्षस. नंदूने चार चिंचोके उचलले, पुन्हा वाटीत ठेवले. "प्रेमा, तू हो पुढे. मी मागे आहे."

"बघ हं, नाहीतर झोपशील!"

तलवार चालली. दुसऱ्या पुलावर तिला घेरलं तेव्हा एक लोळ गेला, गुहेच्या तोंडाशी दुसरा. गुहेत प्रेमाला आणखी एक घाव सोसवणार नव्हता. नंदूने उरलेले चार मोजले नाहीत, सरळ ओतले. वाटी रिकामी. आत अजून दोघे होते.

सुलक्षणा वाट बघत राहिली. झोपूया म्हणेल.

"काठी आहे ना माझ्याकडे?" नंदूने विचारलं. "मग काठीने."

काठीने एकही राक्षस मेला नाही. दोघेही प्रेमाने मारले, आणि तेवढ्यावरून तिने अख्खी चाळ डोक्यावर घेतली. एरवी ती आपल्या तलवारवालीचा हिशेब लिहिलेला कागद घरी न्यायची. आज तिने तो खेळाच्या पेटीतच टाकला. "राहू दे गं इथेच. रविवारी लागेल."

सुलक्षणा चहा टाकायला उठू लागली, तर नंदू आधीच उठला होता. स्टोव्हला पंप मारत, तिच्याकडे न बघताच म्हणाला, "तू पड जरा. दोन तर भरतील."

"लावते, थांबा," ती म्हणाली, आणि चटईवर आडवी झाली.