होडेकरांचा खोकला

इस्माईल होडेकर कामावर यायचे ते लग्नाला निघाल्यासारखे. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या आमच्या कारखान्यात स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी कृत्रिम दगडाच्या लाद्या कापल्या जात. पहिल्या चहापर्यंत तिथला प्रत्येक माणूस पिठाच्या गिरणीतून बाहेर पडल्यासारखा पांढरा व्हायचा. अशा ठिकाणी हे गृहस्थ इस्त्रीचा शर्ट, पिळदार मिशी आणि अत्तराचा दरवळ घेऊन बसमधून उतरायचे. शर्ट घडी घालून लॉकरमध्ये ठेवायचा, कामाचे कपडे चढवायचे आणि संध्याकाळी हातपाय धुऊन पुन्हा तोच शर्ट घालून बाहेर पडायचं. पोरं ओरडायची, "होडेकरचाचा, आज निकाह कुणाचा?"

"तुझाच लावणार होतो, मेल्या," होडेकर म्हणायचे, "पण तुझा फोटो बघून मुलीच्या बापानं फोनच बंद केलान."

निकाहाचं हे नुसतं थट्टेपुरतं नव्हतं. दगड कापणं त्यांच्या पोटाचं काम होतं, जिवाचं काम लग्नं जुळवण्याचं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर कुणाची मुलगी कॉलेजात गेली, कुणाचा मुलगा शारजात एसीच्या कामाला लागला, सगळं त्यांना तोंडपाठ. जेवणाच्या सुट्टीत फोन कानाला लावून ते दोन गावांच्या मध्ये उभे असायचे. त्यांची काही मतं ठाम होती. "स्थळ बघताना घर बघू नये साहेब, घरातली भांडणं बघावी. भांडण गोड असलं तर घर चांगलं." नाहीतर, "मुलगा पगार दिरहममधी सांगतो, मुलीचा बाप रुपये करून खूश होतो. अरे, तो इकडं कांदे पण दिरहममधीच घेतो ना!" एकदा मला म्हणाले, "सामंतसाहेब, तुमच्यात माझा वशिला नाय, नायतर तुमच्या चिरंजीवाला कॉलेजातच अडकवला असता."

मी त्या कारखान्याचा मॅनेजर होतो. आता निवृत्त होऊन डिस्कव्हरी गार्डन्समध्ये मुलाकडे राहतो. होडेकर गेल्याची बातमी मला कोकणातल्या मंडळींच्या फोनवरच्या ग्रुपवर कळली. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "बरीच वर्षं टीबीने आजारी होते." ते वाचलं आणि ठरवलं, आता हे लिहायचंच. होडेकरांना टीबी कधीच नव्हता.

विडी-सिगारेटही त्यांनी कधी ओढली नाही. मिशीला वास लागतो म्हणायचे. मिशीपायीच मास्कही हनुवटीवर असायचा. त्यावरून मी त्यांना पुष्कळदा रागावलो आहे आणि रागावलो म्हणजे माझं कर्तव्य झालं, असं मला वाटायचं.

आमचा मोठा माल युरोपात जायचा. तिथल्या खरेदीदाराची एक उंच, शांत बाई दरवर्षी तपासणीला यायची. तिने मला एकदा सरळ सांगितलं होतं की, त्यांच्या कायद्यात मास्क सगळ्यात शेवटी येतो. आधी दगडावर पाणी सोडून कापायचं, म्हणजे धूळ उठतच नाही. तरी उठली तर यंत्राने ओढून घ्यायची. एवढं करून जी उरेल तिच्यासाठी मास्क. इथला नियमही काही वेगळा नव्हता. आमच्या प्रत्येक यंत्राला पाण्याची नळी होती आणि बाई आली की ती चालू असायची. होडेकर म्हणायचे, "आज दगडाची आंघोळ हाय. पाहुणी आल्या ना!"

बाईची गाडी फाटकाबाहेर पडली की पाणी बंद. ओला दगड वाळेपर्यंत त्याच्या कडा चिकटवता येत नाहीत, चिखलाने गटार तुंबतं, माल उशिरा निघतो. "पाणी बंद करा" हे शब्द तोंडाने उच्चारणारा मीच होतो.

होडेकरांचा खोकला आधी नुसता सकाळचा होता. मग जिना चढताना ते मध्येच थांबून कुणाला तरी फोन लावल्याचं सोंग करू लागले. व्हिसाच्या नूतनीकरणाची वेळ आली. त्यासाठी छातीचा फोटो काढावाच लागतो, आणि त्यांच्या फोटोत डाग निघाले. टीबीची शंका होती म्हणून पुढच्या तपासण्या सांगितल्या. मी त्यांना अल कुसैसच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो. थुंकीत जंतू सापडले नाहीत. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "ये टीबी नहीं है. पत्थर की धूल है. इनके साथवालों की भी जाँच कराइए."

होडेकर बाहेर येऊन हसले. "बघा साहेब, इतकी वर्षं दगड मी कापतोय असं मला वाटत होतं."

कारखान्याच्या मालकांना, शेठना, मी सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. "युरोपवाल्यांच्या कानावर गेलं तर कंत्राट गेलं. खलास. त्याचा व्हिसा रद्द कर, तिकीट दे. कुणी विचारलं तर फोटोत डाग निघाला म्हण. खोटं कुठे आहे त्यात?"

त्यात खोटं नव्हतं, म्हणून मला ते सोपं गेलं. कामगारांच्या खोलीवर पोरांनी विचारलं, "चाचांना काय झालं?" मी म्हणालो, "फोटोत डाग आहे." एकाने विचारलं, "टीबी?" मी म्हणालो, "तसंच काहीतरी." त्या खोलीतले निम्मे होडेकरांच्याच तालुक्यातले होते. होडेकरांचं विमान उतरायच्या आधी माझं 'तसंच काहीतरी' त्यांच्या गावात पोहोचलं होतं.

ते गावी परत गेल्यावर मी पाणी कायमचं सुरू केलं. उशीर व्हायचा, शेठ ओरडायचे, मी ऐकून घ्यायचो. याचं श्रेय मला कुणी देऊ नये. कारण ठाऊक होतं म्हणूनच मी नळ उघडला, एवढंच त्यातून दिसतं. बाकीच्यांच्या तपासण्या मात्र मी करवल्या नाहीत.

गावी त्यांची मुलगी नसीमा लग्नाची होती. दुसऱ्यांची एवढी लग्नं जुळवणाऱ्या माणसाने स्वतःच्या मुलीचं स्थळही निवडून ठेवलं होतं, शेजारच्या गावच्या मापारींचा मुलगा. बोलणी झाली होती. एके दुपारी त्यांचा फोन आला. आवाजात तोच जुना तोरा, फक्त वाक्याच्या मध्ये दम घेत होते.

"सामंतसाहेब, सलाम. माझ्या बाजूला आमचे मापारी बसलेत, होणारे व्याही. फोन मोठ्यानं लावलाय, ते ऐकतायत. त्यांच्या कानावर भलतंसलतं आलंय. माझ्यावर त्यांचा इश्वास हाय, पण शेवटी मी मुलीचा बाप, माझं कोण खरं मानणार? तुमी साहेब माणूस. तुमी डॉक्टरकडं सोबत होतात. एवढं सांगा त्यांना, हे टीबी नाय, दगड हाय."

शेठ समोरच्या खुर्चीत बसलेले होते. पुढच्याच आठवड्यात युरोपची बाई यायची होती. मी म्हणालो, "होडेकर, मी काही डॉक्टर नाही. मला त्यातलं काही कळत नाही."

ते घाईघाईने म्हणाले, "बरोबर हाय, बरोबर हाय. साहेब कामात हायत. पुन्हा लावतो हां." त्यांनी पुन्हा फोन लावला नाही.

ते लग्न मोडलं. मग लोकांनी होडेकरांकडे स्थळं न्यायचं सोडलं. ज्याच्या घरात टीबी, त्याने सांगितलेलं स्थळ कोण घेणार? लग्नघरी त्यांचा कप वेगळा ठेवायचे, असं मी पुढे ऐकलं. इस्त्रीचा शर्ट घालून ते जायचे, लांब खुर्ची टाकून बसायचे आणि जेवणाआधी उठून यायचे.

ग्रुपवरचा तो मजकूर वाचला त्याच दिवशी मी नसीमाला फोन केला. ती आता शाळेत शिकवते. लग्न उशिरा झालं, पण झालं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, मला कशाला सांगता? मला अब्बांनी सांगितलंच होतं. ज्यांना तेव्हा सांगितलं नाहीत, त्यांना सांगा. अब्बांच्या चाळिसाव्या दिवशी सगळे घरी येतील. मापारीचाचाही येणार आहेत. मी फोन मधोमध ठेवीन."

चाळिसाव्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. माझा आवाज इतका चढला होता की नातीने आतून विचारलं, "आजोबा, हू आर यू शाउटिंग ॲट?" मी सांगितलं की होडेकरांना टीबी नव्हता. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. दगडाची धूळ त्यांच्या छातीत गेली, कारण मी पाणी बंद करायला लावत होतो. आणि विचारलं तेव्हा मी कानावर हात ठेवले.

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. मग एक थकलेला आवाज आला. "मी मापारी. मग तेवा का नाय सांगितलंत?"

उत्तरं माझ्याकडे पुष्कळ होती. कंत्राट होतं, शेठ समोर बसले होते, मुलाचं शिक्षण चालू होतं. मी म्हणालो, "भ्यालो."

"होडेकर हेच बोलला होता," मापारी म्हणाले. "फोन ठेवलान आणि मला बोलला, साहेब भिले हायत, वाईट नाय. मी म्हटलं, हा पोरीसाठी बनवून सांगतोय. उठून चालता झालो."

भ्यालेला माणूस आणि वाईट माणूस यांत होडेकरांनी त्याच क्षणी, स्वतःच्या मुलीचं लग्न डोळ्यांसमोर मोडत असताना, फरक केला होता. मी अजून करू शकलेलो नाही.