परत येण्याचं कारण

आमच्या घरात मायचा जो फोटो भिंतीवर आहे, तो मुळात जर्मन सरकारसाठी काढलेला आहे. म्हणून त्यात ती हसत नाही. येणारा-जाणारा म्हणतो, तुमच्या माय फार कडक होत्या वाटतं. कडक कसली, घरात सगळ्यात जास्त हसणारी तीच होती. पण व्हिसाच्या फोटोत हसायचं नाही, मागची भिंत पांढरी हवी, चेहरा चौकट भरून हवा, असा नियम होता. आणि नियम म्हटला की माय शाळेतल्या पोरीसारखी ताठ बसायची.

हा फोटो दुसरा. पहिला मलकापुरातल्या आमच्या नेहमीच्या फोटोवाल्यानं काढला, तेव्हा त्यानं तिच्या कपाळावरचं गोंदण पार पुसून टाकलं होतं. स्थळांना पाठवायचे मुलींचे फोटो काढून काढून त्याचा हातच तसा बसला होता. डाग दिसला की पुसायचा, रंग उजळ करायचा. मायनं फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि विचारलं, "हे कोन बाई आहे?" फोटोवाल्याला वाटलं म्हातारी खूश झाली. मी त्याला सांगितलं, बाबा, हिचं लग्न जमवायचं नाहीये, विमानतळावरच्या माणसानं हिला ओळखायला पाहिजे. मग त्यानं गोंदणासकट दुसरा काढून दिला, पण चेहरा असा केला की जणू आम्ही त्याच्या कलेचा अपमान केला.

जर्मनीला जायचं कारण म्हणजे माझी भाची. माझा लहाना भाऊ शिकायला म्हणून तिकडं गेला, नोकरीला लागला, तिकडच्याच मुलीशी लग्न करून राहिला. वडील लवकर गेले होते. सुलतानपूरची शेती बटईनं देऊन आम्ही तिघं मलकापूरला आलो होतो, ती लहानपणची गोष्ट. भाऊ गेल्यावर घरात मी आणि माय. मी शिवणक्लास चालवते. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणारेसुद्धा आता थकले, त्यामुळे इथंही तो विषय नको.

तर भावाला मुलगी झाली. आमच्याकडं बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आत्या वाकून कुर्रर्र करते, नाव सांगते आणि जमलेल्या बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात. आता आत्या म्हणजे मीच, दुसरी कुणी नाही. भावानं फोनवर सांगितलं, "ताई, कागदावर नाव लिहावंच लागलं, इथं त्याच्याबिगर चालत नाई. पन पोरीले तिचं नाव अजून कोनी सांगितलं नाई. ते तूच येऊन सांग."

"मंग तिले हाका काय मारता?" मायनं मागून विचारलं.

"बाई म्हनतो."

हे ऐकून माय दिवसभर स्वतःशीच हसत होती. जर्मनीत एक गोरी सून सुलतानपूरच्या भाषेत 'बाई, बाई' करत लेकराला खेळवते, हे चित्र तिला फार आवडलं. त्याच दिवशी तिनं जुन्या लुगड्यांचा गठ्ठा काढला आणि नातीसाठी गोधडी शिवायला घेतली.

मग कागदपत्रं सुरू झाली. भावाचं हमीपत्र, प्रवासाचा विमा, बँकेचा उतारा, जायचं-यायचं तिकीट, भाऊ-बहीण असल्याचा पुरावा. माय म्हणायची, पुरावा काय मागून राह्यले, दोघायचं नाक पाहा म्हना. आणि या सगळ्यावर एक पत्र लागायचं : आम्ही कोण, कशासाठी येतो, कधी परत जाऊ. ते मी मराठीत लिहिलं आणि स्टेशनाजवळच्या तिकिटं काढून देणाऱ्या दुकानदारानं ते इमानदारीनं इंग्रजीत उतरवलं.

त्याची इमानदारीच आम्हाला नडली. आमच्याकडं बाळंतिणीच्या घरी गेलेल्या बाईनं परतीच्या गाडीची चौकशी केली तर घरच्यांना वाईट वाटतं. ते म्हणतात, इतकी काय घाई? आणि आपण म्हणायचं असतं, घाई कसली, मागं कोन रडून राह्यलं माह्यासाठी. ही आपली रीत. मी तीच रीत जर्मन सरकारशी पाळली. मी लिहिलं की माझं लग्न झालेलं नाही, मुलंबाळं नाहीत, घरी माझ्यावर अवलंबून कुणी नाही, आई सोबतच येते आहे, त्यामुळे परतायची आम्हाला कसलीही घाई नाही, भावाला गरज असेल तितके दिवस आम्ही आनंदानं राहू. पत्र वाचून माय म्हणाली, "बेस लिवलं. त्यायच्या मनाले धीर येईन." मलाही तेच वाटलं.

आम्ही दोघी मुंबईला जाऊन अर्ज देऊन आलो, बोटांचे ठसे देऊन आलो. मायचे ठसे काही केल्या उमटेनात. काचेवर बोटं दाबून दाबून ती तिथल्या मुलीला म्हणाली, "कापूस येचून येचून पुसले असतीन, माय." मुलीला वऱ्हाडी कळलं की नाही देव जाणे, पण तिनं मायची बोटं ओल्या रुमालानं पुसून दिली आणि पुन्हा प्रयत्न केला. शेवटी उमटले.

पासपोर्ट परत आले, ते कोरेच. सोबतच्या कागदावर एका चौकटीत खूण केलेली होती. फोनवर मी ती ओळ भावाला वाचून दाखवली. तो म्हणाला, तुम्ही परत जाल याची त्यांना खात्री वाटत नाही. मग त्यानं मला पत्राचा फोटो पाठवायला लावला. पत्र वाचून तो खो खो हसला, आणि हसता हसता एकदम थांबला. "ताई," तो म्हणाला, "तू त्यायले असं लिवलं, का तुले परत याले काही कारनच नाई."

मला राग आला. त्याचा नाही, त्या चौकटीतल्या खुणेचा. कुणी परका माणूस कुठल्या तरी टेबलावर बसून ठरवतो की या बाईला मागं कुणी नाही, आणि पुरावा म्हणून माझंच पत्र दाखवतो. दोन दिवस मी क्लासच्या मुलींवर उगाच खेकसले. आमच्या शेजारच्या भाभी, म्हणजे बांगडीवाल्यांच्या घरातल्या, माझ्याकडं साड्यांना फॉल लावायला येतात. त्या माझं तोंड पाहून साड्या ठेवून परत गेल्या.

माय मात्र गोधडी शिवत बसली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "मले नाई जायचं आता."

"काऊन?"

"मी घरीच राह्यीन. तू त्यायले लिव, का घरी म्हातारी माय आहे. मंग त्यायले समजन तू परत येशीन म्हून."

मी तिला सांगितलं, तुझी नात आहे, तुझा मुलगा आहे, पहिला हक्क तुझा. ती म्हणाली, कानात नाव सांगाले आजी नाई लागत, आत्या लागते. मी वाद घातला, रुसले, भावाला फोन लावून दिला. त्याच्याशीही ती तेच बोलली. वर म्हणाली की इतका वेळ विमानात पाय लोंबकळत ठेवून बसायचं आपल्याच्यानं होणार नाही. आदल्या दिवसापर्यंत तिला विमानात खिडकीजवळची जागा पाहिजे होती.

मग तिनं मला शेजारी बसवून दुसरं पत्र सांगितलं. लिव, म्हातारीले डोयानं दिसत नाई. लिव, गुडघे गेले. लिव, रात्री एकटी ऱ्हाऊ शकत नाई, पोरीबिगर तिचं पान हालत नाई. सुईत दोरा ओवता ओवता ती हे सांगत होती. मी म्हटलं, माय, तुला दिसत नाही तर हा दोरा कोण ओवतं? तर म्हणाली, "जर्मनीवाले पाहाले येऊन राह्यले का?" डॉक्टरांनी आपलं खरं तेवढंच लिहून दिलं, की वय झालेलं आहे, देखभालीची गरज आहे. बाकीचं मी तिच्याशी भांडून भांडून सौम्य केलं.

व्हिसा मिळाला. पासपोर्टवर चिकटवलेला तो हिरवट कागद मायनं पदरानं पुसून पाहिला. मला आनंद झाला आणि रडूही आलं. गोधडी तिनं माझ्या बॅगेत सगळ्यात खाली ठेवली, वर डिंकाचे लाडू, बाळंतशोप आणि भावासाठी शेवया.

निघायच्या दिवसाची एक गोष्ट सांगायला हवी. घरचं माणूस गावाला निघालं की त्याच्या पाठोपाठ केर काढायचा नाही, हे आपल्याकडं सगळेच पाळतात. तासाभरानं काढतात. मायचा नियम जास्त कडक होता. माणूस पोचल्याचं कळेपर्यंत ती केरसुणीला हात लावत नसे. मी साखरखेर्ड्याला मावशीकडं गेले तरी संध्याकाळपर्यंत घर तसंच असायचं. जर्मनीच्या वेळी काय झालं ते मला भाभींनी नंतर सांगितलं. दोन दिवस घरभर शिवणाचं कातरण, दोऱ्यांचे तुकडे, अंगणातला कडुनिंबाचा पाला. मायच्या सोबतीला येऊन बसलेल्या भाभींनी झाडू घेतला तर मायनं हातातून काढून घेतला. फ्रँकफर्टहून माझा फोन गेला तेव्हा कुठं घर झाडलं.

बारसं झालं. भावाच्या घरात ना पाळणा, ना जमलेल्या बाया. कपड्यांच्या टोपलीत गोधडी अंथरून त्यात भाचीला ठेवलं. मी वाकले, कुर्रर्र केलं आणि तिच्या कानात तिचं नाव सांगितलं. ती माझ्याकडं टक लावून पाहत राहिली. धपाटे घालायला भावजय आणि तिची आई, दोघीच. त्या बिचाऱ्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं मारत होत्या. भावानं फोन समोर धरला होता आणि मलकापुरातून माय हसत हसत ओरडत होती, "हळू काऊन मारून राह्यली ते? दन्कन मार म्हना." तिच्या शेजारी भाभी तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. इतकी हसलेली माय मी त्यानंतर फार वेळा पाहिली नाही.

मी मुदतीच्या आधीच परत आले. मलकापूर स्टेशनावरून रिक्षानं घरी पोचले तर माय ओट्यावर बसलेली. जर्मनी कशी आहे हे तिनं विचारलं नाही. म्हणाली, "आली?" मी म्हटलं, आली. मग ती चहा ठेवायला आत गेली.

पुढच्या हिवाळ्यात भाऊ लेकीला घेऊन आला, मायनं तिला मांडीवर घेतलं, पाय पसरून त्यावर तिला तेल लावून न्हाऊ घातलं. ते एक समाधान मला आहे. त्यानंतर मात्र पत्रात लिहिलेलं एकेक मायनं खरं करून दाखवलं. आधी गुडघे गेले. मग डोळे. मग खरोखरच ती रात्री एकटी राहीना, मी पाणी प्यायला उठले तरी विचारायची, कुठं चालली? गेल्या वर्षी ती गेली. फोटो शोधायची वेळ आली तेव्हा घरात तो एकच धड सापडला, गोंदणासकट, न हसणारा.

आता भाची शाळेत जायची आहे. पहिल्या दिवशी आत्या पाहिजे म्हणून तिनं हट्ट धरलाय, तोही वऱ्हाडीत. "तू काऊन येत नाई?" असं ती फोनवर विचारते. तेव्हा पुन्हा ते पत्र लिहायला बसले. परत का येणार, या ओळीशी येऊन थांबले. मागच्या वेळी हे वाक्य मायनं चहा पिता पिता सांगितलं होतं. दुकानदार म्हणाला, ताई, सातबारा लावू, क्लास लिहू, शिवाय मागच्या वेळी वेळेत परत आल्या आहात, ते बघतात. ते खरं निघालं. व्हिसा या वेळी पहिल्या फटक्यात आला. मी परत येणारी बाई आहे हे त्यांना पटलं आहे. मलाच तेवढं पटेना.

आज सकाळी निघायचं होतं. बॅगा दाराशी ठेवल्या, दिवा लावला, फोटोला हार घातला आणि सवयीनं केरसुणी हातात घेतली. म्हटलं, मागं न झाडता थांबणारं कुणी नाही, तर आपणच झाडून जावं. घर झाडून निघालं काय, न झाडता निघालं काय, बघणार कोण.

तेवढ्यात भाभी किल्ली घ्यायला आल्या. मागच्या वेळी मायसोबत दोन दिवस कातरणात बसल्याचं त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी माझ्या हातातली केरसुणी घेतली आणि दारामागं उभी करून ठेवली.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तुमचा पोचल्याचा फोन आला का मंग मी झाडीन."