पेटंटचं झाकण

विद्यानगरात माझ्या शेजारी राहणारा एक कानडी माणूस आणि मी एकाच कंपनीत होतो. तो संशोधन विभागात, मी टेस्टिंगला. तो शोध लावायचा आणि ते चालतात म्हणून मी सही करायचो.

जेवताना मध्येच थांबून तो सारात बोट बुडवायचा आणि कँटीनच्या टेबलावर आकृत्या काढायचा. त्या वर्षांत विजेचा दाब सारखा पडायचा, खेड्यांतल्या पंपांच्या मोटारी जळायच्या. त्या वाचवणारा स्टार्टर त्यानं असाच, सारानं काढला. मी दात ओठ खात अभिनंदन केलं, तर म्हणाला, "त्यात काय विशेष री!" त्याच्या हुशारीपेक्षा हे वाक्यच मला जास्त झोंबायचं.

पेटंट मिळालं की कंपनी शोध लावणाऱ्याचं नाव कोरलेली गोल पितळी तबकडी द्यायची. माझ्या हॉलमध्ये तिच्यासाठी ठोकलेला खिळा तसाच रिकामा होता. आणि ह्याच्या घरून हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं, पातेलं आलं, की त्यावर झाकण म्हणून तीच तबकडी!

एकदा बायको पातेल्याबरोबर ती परत द्यायला गेली, तर हा म्हणाला, "असू द्या री अक्का, आमच्याकडं लई झाल्यात."

बायको खूश. आमच्या दुधाच्या भांड्यावर ती अगदी बरोबर बसली. मी मात्र गुपचूप उलटी करून ठेवली, नाव खाली. सकाळी बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, अक्षरांत साय अडकते! घासून घासून हात दुखले माझे. नाव वर ठेवत जा."

आता रोज दूध तापलं की मीच ती ठेवतो. नाव वर करून.