साडूचे सदाशिवराव

माझ्या साडूइतका चिडका माणूस मेलबर्नमध्ये दुसरा नाही, आणि त्याच्यावर माझ्याइतकं चिडलेलंही दुसरं कुणी नाही. टार्निटला घर घेतलं तेव्हा नकाशातलं तळं प्रत्यक्षात पावसाचं पाणी साठवायचा खड्डा निघालं. त्यावर याने कौन्सिलला इतकी पत्रं लिहिली की त्यांनी शेवटी तिथे एक बाक बसवला. मग बाकाचं तोंड खड्ड्याकडे का, यावर पत्रं सुरू झाली. लहानथोर सगळ्यांना तो सरसकट अरे-तुरे करतो. अहो-जाहो फक्त एकाला, लेकीच्या सरड्याला. लेक दुसऱ्या राज्यात मॉसन लेक्सला युनिव्हर्सिटीत, म्हणजे युनिला गेली आणि तिचा बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे हनुवटीखाली काटेरी दाढी असलेला हातभर लांब सरडा, बापाच्या हवाली करून गेली. तिने ठेवलेलं नाव स्पाइक. याने आठवड्याभरात त्याचे सदाशिवराव केले. "त्यांची झोप व्हायचीय," असं सांगून त्याने आम्हाला हॉलमध्ये कुजबुजत बोलायला लावलंय. एका पाहुण्याच्या तोंडून 'पाल' हा शब्द निघाला, तर त्याला चहा न देता अर्धा तास पाल आणि सरडा यांतला फरक ऐकवला.

एका रविवारी दुपारी माझ्याकडे माणसं जेवायला बसली होती आणि याचा फोन आला. "असशील तसा नीघ. सदाशिवरावांवर हल्ला झालाय."

"अरे, मी दातांचा डॉक्टर आहे."

"त्यांनाही दात आहेत," म्हणाला आणि फोन ठेवला.

ग्लेन वेव्हर्लीहून टार्निट म्हणजे शहराचं एक टोक सोडून दुसरं गाठायचं. तासाभराने पोचलो, तर सदाशिवराव टॉवेलमध्ये स्वस्थ पडलेले आणि मागच्या पायाच्या बोटावर मोहरीएवढी जखम. खायला टाकलेल्यांतला एक रातकिडा उरला होता, त्याने कुरतडलं होतं. माझं डोकंच फिरलं. "एवढ्यासाठी बोलावलंस?"

"जेवणानेच जेवणाऱ्याला चावायचं? आणि तो व्हेट म्हणतो, घरीच धुवा, सूज आली तर उद्या आणा. उद्या म्हणे. त्याचं बोट असतं तर?"

व्हेटने, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरने, फोनवर सगळं नीट सांगितलं होतं आणि याने ते लिहूनही घेतलं होतं. कोमट पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकंच आयोडीन, कापसाच्या काडीने हलकेच टिपायचं, आणि जखम भरेपर्यंत सरड्याच्या काचेच्या पेटीतली वाळू काढून साधा पेपर टॉवेल अंथरायचा.

"मग मी कशाला?" मी विचारलं. त्याने दोन्ही हात पुढे केले. त्यांत टॉवेलसकट सदाशिवराव होते.

मी सरडा धरला, त्याने जखम टिपली. काडी दोनदा खाली पडली. दर वेळी नवी घेऊन तो विचारायचा, "झोंबतंय का हो?" सदाशिवराव एक डोळा मिटत. मग पेटीतली वाळू उपसताना तो माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "किडे मीच ठेवले आत. कामावरून यायला उशीर झाला तर हे उपाशी नकोत म्हणून. उरलेले काढ म्हणून लेकीने दहादा बजावलं होतं. तिला सांगू नकोस."

येताना रस्ताभर मी बरंच काही बोलायचं जुळवलं होतं.  ते बाजूला ठेवून मी पेपर टॉवेल अंथरू लागलो.

जखम दोन-तीन आठवड्यांत भरली, पण त्या बोटाची गळलेली नखी पुन्हा आली नाही. युनिच्या सुट्टीत लेक घरी आली तेव्हा आम्हीही गेलो होतो. तिने सरडा खांद्यावर घेतला आणि तिच्या लगेच लक्षात आलं. "बाबा, व्हॉट हॅपन्ड टू हिज टो?"

मला गप्प राहायला सांगणाऱ्या या माणसाने स्वतःच सगळं सांगून टाकलं, ठेवलेल्या किड्यांसकट. तिने ऐकून घेतलं. "इट्स ओके, बाबा. यू लुक्ड आफ्टर हिम," म्हणाली आणि टोस्ट करायला आत गेली.

थोड्या वेळाने तो मागच्या अंगणात माझ्यापाशी आला, चांगलाच तापलेला. "चिडली नाही रे ती."

"बरंच झालं की."

"काय बरं झालं? ती शाळेत असताना मी एकदा सदाशिवरावांच्या पेटीतला उबेचा दिवा लावायला विसरलो, तर चार दिवस माझ्याशी बोलली नव्हती." त्याने कुंपणाची एक सैल फळी ढकलून बघितली. "आता समजून घेते मला," तो म्हणाला, तक्रारीच्याच सुरात.